आप्पांचा इंग्रजी दाखला

संपादकांनी कामाचे अनुभव मागितले तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, की माझं वय एकोणतीस आहे आणि अनुभव लिहायला तुमच्याकडे निवृत्त तहसीलदार, निवृत्त मुख्याध्यापक रांगेत उभे असतील. ते म्हणाले, निवृत्त माणसं भांडणं विसरून लिहितात, तुम्ही न विसरता लिहा. ही अट मला परवडणारी होती.

माझं काम असं. पुण्याजवळ सणसवाडीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमच्या कामगार संघटनेची खोली आहे. सकाळी कंपन्यांच्या गेटवर पत्रकं वाटायची आणि दुपारी खोलीवर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. पत्रकं मराठीत आणि हिंदीत, अर्ज इंग्रजीत. पत्रकात ज्या साहेबाची सालटी काढायची, अर्जात त्यालाच 'रिस्पेक्टेड सर' म्हणायचं. सात वर्षं मी दोन्ही करते आहे. पत्रक मला सोपं जातं, कारण पत्रकात माणूस नसतो, 'कामगार' असतो. त्याला सवयी नसतात, खोडी नसतात, तो जन्मापासून नुसता भरडला जात असतो. अर्जात मात्र माणूस समोरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि मध्येच विचारतो, ताई, पंखा चालू करू का?

सगळ्यात जास्त मागणी चांगल्या वागणुकीच्या दाखल्याला. आमच्या पट्ट्याबाहेरच्या वाचकांना हे नीट सांगायला हवं. नवी नोकरी धरायची तर जुन्या मालकाचा कागद लागतो. इथे जुना मालक कोण, हेच कागदावर सापडत नाही. माणूस दहा वर्षं एकाच मशीनपुढे उभा असतो, पण ठेकेदार बदलतो. कधी ठेकेदार तोच राहतो आणि फक्त त्याच्या पाटीवरचं नाव बदलतं. दर वेळी माणसाच्या गळ्यात नवा गेटपास येतो. दहा वर्षांचा माणूस कागदावर सदा अकरा महिन्यांचा. त्याला कोणी पाहिलेलं नाही, कोणी ओळखत नाही. मग तो आमचा जिना चढतो.

आता इंग्रजीची गंमत. इंग्रजीत माणसाचा गुण सांगायच्या तऱ्हा आहेत. 'ही वॉज ऑनेस्ट' लिहिलं तर वाचणारा विचारतो, पुढे काय झालं, मेला की बिघडला? 'ही इज ऑनेस्ट' लिहिलं तर विचारतो, तुम्हाला काय माहीत, तुमची ओळख कालची. 'ही हॅज ऑल्वेज बीन ऑनेस्ट' लिहिलं की तो गप्प बसतो. त्यात मागचं आलं, आजचं आलं, आणि मधल्या सगळ्या काळात कोणीतरी या माणसाकडे बघत होतं, हेही आलं. मराठीत आपण 'पहिल्यापासून असाच आहे' म्हणतो, ते साधारण हेच. फक्त आपण ते बहुतेक वेळा तक्रार म्हणून म्हणतो.

ठेकेदार ज्या काळाचे तुकडे करतो, तो ही रचना अख्खा जोडून देते. त्यामुळे मला ती फार आवडायची. इतकी, की मी एक तयार मजकूरच करून ठेवला होता. नाव बदलायचं, गाव बदलायचं. खाली ठरलेलं वाक्य: ही हॅज ऑल्वेज बीन सिन्सिअर, हार्डवर्किंग अँड ओबिडियंट. गेटवर सकाळी 'गप्प बसू नका' असं ओरडणारी मी, दुपारी त्याच माणसांना पहिल्यापासून आज्ञाधारक ठरवत होते. साहेबांना तो शब्द आवडतो, लोकांना नोकरी लागते, यात वाईट काय, असं मला वाटे. मधल्या काळात त्या माणसाकडे खरंच कोण बघत होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

आप्पा आले ते याच काळात. दौंड तालुक्यातले, पाटसच्या पलीकडचे. मूळचं मेंढपाळाचं घर. वडलांच्या वेळेपर्यंत मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, मग थोडी जमीन झाली, मेंढरं गेली, आणि आप्पा सणसवाडीत पॅकिंगला हेल्पर म्हणून लागले. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळकुडे, टोपी पांढरी आणि कायम जरा तिरकी. नऊ वर्षं एका कंपनीत काढून त्यांचा पास अचानक बंद झाला होता. आता त्यांच्या गावाकडे मुलींच्या एका वसतिगृहाला राखणदार हवा होता. घराजवळचं काम, राहायला खोली. आप्पांची बायको संधिवातानं गावातच अडकलेली, त्यामुळे हे काम मिळालं तर नऊ वर्षांनी दोघं एका छपराखाली येणार होती. वसतिगृह मराठी, मुली मराठी, फाटक मराठी. तरी राखणदाराचा दाखला इंग्रजीत हवा होता, कारण संस्थेचे सचिव पुण्यात बसतात आणि त्यांच्या फायली इंग्रजीत असतात. यावर मी एक पत्रक काढू शकले असते. त्याऐवजी तयार मजकुरात आप्पांचं नाव घातलं आणि पाच मिनिटांत कागद हातात दिला.

चौथ्या दिवशी सचिवांचा फोन आला. आवाज थंड. म्हणाले, तुम्ही लिहिलंय हा माणूस कायम आज्ञाधारक राहिलाय. आम्ही कंपनीत विचारलं. ते म्हणतात, यानं सुपरवायझरचा हुकूम मोडून शिफ्टची बस अडवली, चाकापुढे बसला. तुमची संघटना लेटरहेडवर अशी खोटी शिफारस नेहमीच करते का?

'नेहमीच' हा शब्द मला लागला, कारण तो खरा होता.

त्याच संध्याकाळी वसतिगृहाच्या अधीक्षिका बाईंचा वेगळा फोन आला. त्या म्हणाल्या, माणूस मला बघूनच बरा वाटला होता. जागा अजून रिकामी आहे, गुरुवारी सचिव इथे येणार आहेत. तोवर खरा कागद आणता आला तर आणा. तोंडपाठ नको.

मग मी सात वर्षांत पहिल्यांदा समोरच्या माणसाला विचारलं, आप्पा, तुम्ही कसे आहात?

"म्या? साधा हाय."

साधा म्हणजे कसा?

"म्हंजी काय खास न्हाई."

स्वतःचा गुण कोणालाच सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. दोष विचारले तर लोक पटापट सांगतात. मी बसचं विचारलं. आप्पा टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले, त्ये काय न्हाई, माणूस कमी हुतं.

पुढचं मला सुनीताकडून कळलं. सुनीता बिहारची, आप्पांच्याच पॅकिंगला होती, आता कोरेगाव भीमात एका खोलीत राहते. त्या दिवशी दुपारी तीनची शिफ्ट सुटली. सुनीता हातमोजे ठेवायला मागच्या गोदामात गेली आणि कोणीतरी बाहेरून कुलूप लावलं. पत्र्याचं गोदाम, एप्रिल महिना, फोन लॉकरमध्ये. बस निघाली तेव्हा दाराजवळच्या सीटवरून आप्पा म्हणाले, एक कमी हाय. सुपरवायझर म्हणाला, चल, गेली असेल ती रिक्षानं. आप्पा उतरले आणि पुढच्या चाकासमोर मांडी घालून बसले. वीस मिनिटं बस उभी. आतले लोकही त्यांना शिव्या देत होते. शेवटी वैतागून कोणीतरी तिला शोधायला आत गेलं आणि गोदाम उघडलं. सुनीता दारातच भोवळ येऊन पडलेली होती.

"सब ने सोचा मैं चली गयी," ती मला म्हणाली. "चाचा ने सोचा नहीं, गिना."

कुलूप कोणी लावलं याची चौकशी झाली नाही. बस अडवल्याची झाली. पुढच्या महिन्यात ठेकेदाराच्या पाटीवरचं नाव बदललं आणि नव्या यादीत आप्पा नव्हते.

मला राग आलाच, तो माझा स्वभाव आहे. पण रागापेक्षा मोठी होती ती उत्सुकता. रोज बसमध्ये माणसं मोजतो तो माणूस कसा असतो? मी परत आप्पांना गाठलं आणि खोदून खोदून विचारलं. मग हळूहळू निघालं. संध्याकाळी मेंढरं वाघरीत घालतात. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. त्याला एक फट ठेवायची, फटीत पाय आडवा करून बसायचं आणि एकेक मेंढरू मांडीला घासून आत गेलं की मोजायचं. डोळ्यांनी न्हाई मोजत, आप्पा म्हणाले, मांडीनं मोजतो. वीस झाली की एक इसा. खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात. मेंढरं गेली पण मोजणी गेली नाही. बस, जेवणाची रांग, लग्नाची पंगत, एसटी, माणसं आत शिरली की आप्पांची मोजणी आपोआप सुरू होते. त्या दिवशीची बस दोन इसा एक, म्हणजे एकेचाळीस माणसांची होती. चढली दोन इसा.

कधी चुकलात का, मी विचारलं. ते म्हणाले, चुकीची मोजणी कुणाला सांगितली न्हाई आजवर.

पुढचे दोन दिवस मी पडताळत फिरले. बसचा ड्रायव्हर, चहावाला, आप्पांच्या खोलीचे मालक. मालक म्हणाले, आवो ताई, माझ्या पोराच्या बारशाला पत्रावळ्या कमी पडणार ह्यो म्हातारा आधीच सांगून बसला हुता, म्या ऐकलं न्हाई. चहावाल्याचं म्हणणं, असा माणूस दुकानात बसला की गिऱ्हाईकाला उगाच आपण चोर आहोत असं वाटतं. मी सगळं लिहून घेतलं. मग इंग्रजी दाखला नव्यानं लिहिला. 'ओबिडियंट' काढलं. लिहिलं, की हा माणूस आज्ञाधारक राहिलेला नाही. बसची हकीकत लिहिली, सुनीताची सही घेतली. आणि शेवटी लिहिलं, की नऊ वर्षं ज्यांनी त्याला पाहिलं ते सांगतात, त्याच्या नजरेखालचं माणूस कधी हरवलेलं नाही आणि त्यानं कधी खोटी मोजणी दिलेली नाही. खाली सही केली, आणि पहिल्यांदाच मला माझ्या सहीची भीती वाटली.

गुरुवारी मी शिरूरहून चौफुल्याची एसटी धरली. आप्पा आदल्या दिवशीच घरी गेले होते आणि मी पोचले तेव्हा वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून होते. धुतलेली टोपी, आज सरळ. सचिव आत हिशेबनीसाशी बोलत होते, आम्हाला थांबायला सांगितलं. जेवणाची वेळ झाली. मुली ताटं घेऊन ओळीनं समोरून भोजनगृहात शिरू लागल्या. मला वाटलं, बघू आपल्याला जमतं का. डोळ्यांनीच मोजायला लागले. मध्येच एक गेली आणि परत आली, दोघी हसत एकदम घुसल्या, तरी मी चिकाटी सोडली नाही. ओळ संपल्यावर स्वयंपाकघराच्या बाजूनं आणखी एक मुलगी आली, गणवेश नसलेली, जरा मोठी, आणि भिंतीला धरून आत गेली. अधीक्षिका बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी अंग चोरून तिला वाट दिली आणि मग पुन्हा दार भरून उभ्या राहिल्या.

मी हळूच म्हटलं, आप्पा, मला एकसष्ट आल्या.

"बरूबर हाय," आप्पा म्हणाले. मला शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळानं आत बोलावलं. सचिव वयानं आप्पांएवढेच, चष्मा, समोर माझा दाखला. त्यांनी तो सावकाश वाचला होता हे कबूल करायला हवं, काही ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. बाई बाजूच्या खुर्चीत हजेरीची वही घेऊन. सचिवांनी आप्पांना वय विचारलं, घर विचारलं, बसचा प्रकार विचारला. आप्पांनी तेच उत्तर दिलं, माणूस कमी हुतं. मग सचिवांनी दाखल्यावर बोट ठेवलं.

"ह्यात तुमच्या मोजणीचं फार कौतुक आहे. व्हरांड्यात बसला होता ना तुम्ही? सांगा, आत्ता जेवायला किती मुली गेल्या?"

बाईंचा हात वहीवर होता, तो तिथेच थांबला. मी आप्पांकडे बघितलं. मनात म्हटलं, सांगा, एकसष्ट सांगा, सगळे बघताहेत.

आप्पांनी बाईंकडे एकदा बघितलं. "तीन इसा," ते म्हणाले. "साठ."

सचिवांनी वही मागून घेतली, आकडा बघितला, मान हलवली. खूश झाले. माझ्या सहीच्या शेजारी त्यांनी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

मी सात वर्षं खोटे दाखले दिले, त्यातला एकच पकडला गेला. पहिला खरा दिला, तो माझ्या डोळ्यांसमोर, अर्ध्या तासात खोटा झाला. बोलावं असं मला फार वाटलं. खोटं दिसलं की बोलायचं, हेच मला शिकवलेलं आहे, तेवढंच मला येतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे बघितलं. 'ताई, आत्ता नको, माझी नोकरी जाईल' असं बघणाऱ्या बायका मला गेटवरून माहीत आहेत. मी टेबलावरचा ग्लास उचलला आणि पाणी प्याले.

सोमवारपासून या, असं ठरलं.

फाटकाबाहेर आल्याबरोबर मी आप्पांना धरलं. एकसष्ट होत्या. तुम्हीच बरूबर म्हणालात.

व्हय, ते म्हणाले. आणि चालता चालता सांगितलं. सकाळी ते लवकर आले होते, पाणी प्यायला मागे गेले तेव्हा स्वयंपाकीण बोलली होती. त्या मोठ्या मुलीची बारावी झाली. नियमानं तिचं नाव कटलं, पलंग सोडायला हवा. घरी गेली की लग्न, तारीखसुद्धा बघून ठेवलेली. नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागेपर्यंत बाईंनी तिला कोठीशेजारच्या खोलीत ठेवून घेतलं होतं. सचिवांना माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर मुलगी त्याच दिवशी घरी आणि बाईही कदाचित.

हे सगळं मला पटत होतं आणि तरी मी चिडलेच होते. मी म्हटलं, आप्पा, ते बरोबर केलंत, पण मी लिहून दिलंय, की तुम्ही आजवर कधी खोटी मोजणी दिली नाही.

आप्पा थांबले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"खोटी कुठं दिली? दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू रानात चुकून आपल्यात आलं, तर त्ये राखायचं आसतं. मोजायचं नसतं. मोजलं की आपलं म्हणाल्यागत हुतं, मग भांडान. आमचा बा तर त्येला चारा आधी घालायचा. पन इसात धरायचा न्हाई."

मग मला हे आधी का सांगितलं नाही?

"त्वा इचारलंस कुठं, पोरी? काय मोजता त्ये इचारलंस. काय मोजत न्हाई त्ये इचारलं न्हाईस."

एसटी येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. दोन रिकाम्या ट्रॉल्या गेल्या. मी मनातल्या मनात माझं इंग्रजी वाक्य तपासत होते. त्यातला शब्दही बदलायची गरज नव्हती. फक्त ते लिहिलं त्या दिवशी मला त्याचा अर्थ पुरता माहीत नव्हता.

तेव्हापासून तयार मजकूर बंद. एका दाखल्याला आता चार-पाच दिवस लागतात, लोक कुरकुर करतात, शेजारच्या सायबर कॅफेवाल्याकडे जातात, तिथे सगळे अजून सिन्सिअर, हार्डवर्किंग आणि ओबिडियंट आहेत. जे थांबतात त्यांना मी विचारते, तुम्ही काय करत आलात, आणि मग विचारते, काय करत नाही आलात. दुसऱ्या प्रश्नावर माणसं उठून आधी पंखा वाढवतात. एक फिटर म्हणाला, ताई, सात वर्षं झाली, मेव्हण्याशी बोललो नाही. तो गुण की दोष, मला अजून ठरवता आलेलं नाही, पण तो दाखल्यात घातला नाही. आधीचे जे शेकडो आज्ञाधारक मी वाटून बसले, त्यांचं मात्र आता काही करता येत नाही. त्यातला कोण कशापुढे बसला होता, मला कळणार नाही.

आप्पांचा फोन सहसा येत नाही. पावसाळा संपता संपता एका दुपारी आला. मी गेटवरून नुकती आले होते.

"पोरी, आता साठच हायत."

घरचे न्यायला आले होते का, मी विचारलं.

"न्हाई. यादीत नाव लागलं. आपल्या पायानं गेली. पेटी म्या एसटीत चढवली."

मागे बायकोचा आवाज येत होता, चहा गार होतोय म्हणून. मी म्हटलं, आप्पा, मग तिला मोजलंत का शेवटी?

"गाडीत चढताना," आप्पा म्हणाले. "एकदाच."